थायरॉइडची गोळी ५०ची १२५ झाली, तरी टीएसएच खाली येईना

फळाखडू | १२ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी सांगलीत विश्रामबागला राहते. वय ४३, वजन ६२ किलो. प्राथमिक शाळेत शिकवते, शाळा सकाळची.

दीड वर्षापूर्वी मला थायरॉइड निघालं. त्याआधीचं वर्ष कसं काढलं ते माझं मला माहीत. शाळेतून आले की ताट वाढून घ्यायचंही त्राण नसायचं, तशीच आडवी व्हायचे. मे महिन्यात सगळं घर घामानं निथळतंय आणि मी पंख्याखाली अंगावर चादर ओढून. केस विंचरले की फणीत पुंजका. पोट साफ नाही, पाळीत अंगावरून भरपूर जाणं, सकाळी डोळ्यांखाली सूज. आवाज इतका घोगरा झाला की मुलं विचारायची, “बाई, घसा बसला का?” सासूबाई म्हणायच्या, चाळिशी उलटली की असंच होतं. मलाही ते पटलं होतं. शेवटी बहिणीनं हाताला धरून नेलं. टीएसएच, म्हणजे थायरॉइड कमी चाललं की वर जाणारा रक्तातला आकडा, ३८ आला. अँटी-टीपीओ, म्हणजे थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडीची चाचणी, ती पण पॉझिटिव्ह.

गोळी ५० मायक्रोग्रॅमने सुरू झाली. दोन महिन्यांनी टीएसएच १४. मग ७५ दिली, ११.२ आला. मग १००, तरी ९.८. या आठवड्यात १२५ लिहून दिली आहे. दर वेळी पाच मिनिटांत रिपोर्ट बघून चिठ्ठी बदलतात, एवढंच. थोडं बरं वाटतं, पण पूर्वीची मी अजून परत आलेली नाही. माझ्या जावेचं ५०वर भागतं. मग माझाच डोस का वाढत चाललाय? आजार वाढतोय का? कुणाला अनुभव असेल तर सांगा, खरंच काळजी वाटायला लागली आहे.

अजिंक्यतारा | १२ जून, रात्री १०:१५

ताई, जावेशी तुलना करू नका. प्रत्येकाची ग्रंथी वेगळी, प्रत्येकाचा डोस वेगळा. माझी आई ७१ वर्षांची, साताऱ्यात असते, अँजिओप्लास्टी झालेली आहे. तिला १२.५पासून सुरुवात केली होती. मला राग आला होता, म्हटलं एवढीशी गोळी देऊन काय होणार? तेव्हा डॉक्टरांनी समजावलं की थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडचा जो रस या गोळीतून मिळतो तो, एकदम वाढवला तर हृदयाला जास्त जोरात काम करावं लागतं, छातीत दुखू शकतं, ठोके चुकू शकतात. १२.५, २५, ३७.५ असं करत ५०वर यायला वर्ष गेलं. टीएसएच ५च्या आसपास आहे आणि या वयात तो तेवढा चालतो असं ते म्हणाले. आता ती पुन्हा सकाळी चालायला जाते.

मिरजकर | १३ जून, सकाळी ८:०५

ताई, मी मिरजेत फार्मासिस्ट आहे, २२ वर्षं काउंटरवर उभा आहे. डॉक्टर नाही, त्यामुळे डोस सांगणार नाही. पण ज्यांची ग्रंथी जवळपास बंदच पडली आहे, त्यांनासुद्धा साधारण किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम लागतं. ६२ किलोला ते १००च्या आसपास येतं. तुमची ग्रंथी थोडंफार काम करत असणारच. म्हणजे १०० घेऊनही टीएसएच ९.८ राहत असेल तर गोळी पोटात जातेय पण रक्तात पोचत नाही, असा संशय घ्यायला जागा आहे.

म्हणून एकच विचारतो. गोळी कधी घेता, कशाबरोबर घेता, आणि तिच्या जोडीला दुसरं काय घेता? अगदी बारीकसारीक सांगा.

फळाखडू | १३ जून, दुपारी २:३०

पाचला उठते. आधी चहा ठेवते, कारण त्याशिवाय डोळे उघडत नाहीत. चहाबरोबर गोळी, सोबत दोन बिस्किटं. कंबर दुखते म्हणून हाडांच्या डॉक्टरांनी कॅल्शियम दिलं होतं, ते पण तेव्हाच. सगळ्या गोळ्या एका प्लास्टिकच्या डबीत वारांप्रमाणे भरून ठेवते, म्हणजे विसरायला होत नाही. मधूनमधून पित्त झालं की पँटोप्राझोल.

“सकाळी घ्या” एवढं चिठ्ठीवर लिहिलेलं आहे. मी सकाळीच घेते.

मिरजकर | १३ जून, दुपारी ३:१०

ताई, मिळालं कारण.

गोळी नुसत्या पाण्याबरोबर, उपाशीपोटी. त्यानंतर निदान अर्धा तास, जमलं तर तासभर चहा नाही, दूध नाही, काही नाही. कॅल्शियम आणि लोह यांच्यात नि या गोळीत चार तासांचं अंतर. पातळ अँटासिडलाही तोच नियम. कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर घ्या.

आणि ती वारांची डबी या गोळीसाठी नको. ही गोळी उजेडाला, दमटपणाला नाजूक आहे. पावसाळ्यात तर तिला मूळ बाटलीतच राहू द्या, झाकण घट्ट लावा, आतली छोटी पुडी फेकू नका, आणि बाटली गॅसच्या ओट्यावर ठेवू नका. लोक बाटली तिथेच ठेवतात, कारण सकाळी तिथेच उभं असतात.

थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स, नावं वेगळी असली तरी आत लेव्होथायरॉक्सिनच आहे. पण एकदा जी कंपनी लागली ती शक्यतो बदलू नका. बदलावीच लागली तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच करून घ्या.

डॉ_कोयनाकाठ | १३ जून, रात्री ११:००

मी कराडला फिजिशियन आहे. मिरजकरांनी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे. थोडी भर घालतो.

हे औषध लहान आतड्यात शोषलं जातं. उपाशीपोटी घेतलं तर साधारण ७० ते ८० टक्के रक्तात जातं. कॅल्शियम त्याला आतड्यातच बांधून टाकतं आणि दोन्ही मिळून शौचावाटे बाहेर पडतात. चहा-कॉफीनेही शोषण कमी होतं. गोळी विरघळायला पोटात आम्ल लागतं, म्हणून पित्ताची गोळी रोज चालू असली तर थायरॉइडची जास्त लागू शकते. रुग्ण प्रामाणिकपणे रोज गोळी घेत असतो आणि रिपोर्ट सुधारत नाही. मग डॉक्टर डोस वाढवतात. दोघांचीही फसगत होते.

टीएसएच हा थायरॉइडचा रस नव्हे, हे अनेकांना ठाऊक नसतं. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येतो. रक्तात थायरॉक्सिन कमी पडलं की पीयूषिका “अजून बनव, अजून बनव” म्हणून थायरॉइडच्या मागे लागते, आणि तो तगादा म्हणजे टीएसएच. म्हणून ग्रंथी कमी चालते तेव्हा आकडा वर जातो. थायरॉक्सिन रक्तात निम्मं व्हायला साधारण सात दिवस लागतात. डोस बदलल्यावर ते नव्या पातळीवर स्थिरावायला आणि पीयूषिकेला ते कळायला सहा ते आठ आठवडे जातात. पंधरा दिवसांनी रक्त तपासून काही हाती लागत नाही.

आता महत्त्वाचं. तुमची १२५ ही नीट न शोषल्या जाणाऱ्या गोळीवर वाढवलेली आहे. उद्यापासून तुम्ही ती नीट घेतलीत तर १२५ जास्त होण्याची बरीच शक्यता आहे. स्वतःहून कमी करू नका, पण तुमच्या डॉक्टरांना याच आठवड्यात भेटून चहा आणि कॅल्शियमचं सगळं सांगा.

कृष्णाकाठ | १४ जून, सकाळी ११:२०

सात दिवसांचं वाचून २०१९चा ऑगस्ट आठवला. आम्ही गावभागात राहतो. पुराचं पाणी गल्लीत आलं तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी, दोन पोरं आणि कागदपत्रांची पिशवी घेऊन निघालो. गोळ्यांची बाटली स्वयंपाकघरातल्या फळीवर राहिली. नातेवाइकांकडे नऊ दिवस होतो. चौथ्या दिवशी मला रडूच फुटलं. एक तर घराचं काय झालं असेल ते कळेना, त्यात आठ वर्षं एकही दिवस न चुकलेली गोळी नाही.

तिथे तपासायला आलेल्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं, “मावशी, अंगात साठा असतो, चार दिवसांत काही बिघडत नाही. आज मिळाली की आज सुरू करा.” मला डोस आठवेना! ७५ की ८८? बाटलीचा रंग आठवत होता, आकडा नाही. आता चिठ्ठीचा फोटो माझ्या, नवऱ्याच्या आणि मुलीच्या मोबाईलमध्ये आहे. नदीकाठच्या सगळ्यांनी एवढं आजच करून ठेवा. पावसाळा तोंडावर आहे.

रानमेवा | १५ जून, सायंकाळी ६:४५

एवढ्या गोळ्या खाण्यापेक्षा रात्री भिजवलेल्या धन्याचं पाणी रोज उपाशीपोटी घ्या. माझ्या आत्याची गोळी त्याने सुटली. कोबी-फ्लॉवर पूर्ण बंद करा, बाजरी बंद करा. आयोडीनच्या गोळ्या पण मिळतात.

अजिंक्यतारा | १५ जून, रात्री ८:००

रानमेवा, तुमचा हेतू चांगलाच असणार. पण माझ्या चुलतभावाने असंच कुणाचं ऐकून गोळी सोडली. पहिला महिना काही झालं नाही, त्यामुळे त्याला वाटलं गुण आला. सहा महिन्यांनी चेहरा ओळखू येईना इतकी सूज, बोलणं संथ, नाडी पन्नासच्या खाली. दवाखान्यात ठेवावं लागलं. तो ट्रक चालवतो. गाडीवर असताना झोप लागली असती तर?

डॉ_कोयनाकाठ | १५ जून, रात्री १०:३०

गोळी सोडायला सांगू नका, ही कळकळीची विनंती.

काही वेळा, विशेषतः बाळंतपणानंतर किंवा विषाणूच्या संसर्गानंतर, थायरॉइड तात्पुरतं मंदावतं आणि आपोआप पूर्वपदावर येतं. आत्याबाईंचं तसं असू शकेल. पण फळाखडू ताईंच्या अँटीबॉडी पॉझिटिव्ह आहेत, म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणाच ग्रंथीवर उलटली आहे. हाकारू हाशिमोतो या जपानी शल्यविशारदाने १९१२ साली चार स्त्रियांच्या गाठींचा अभ्यास करून याचं पहिलं वर्णन लिहिलं, म्हणून त्याला हाशिमोतोचा आजार म्हणतात. तो आयोडीनच्या कमतरतेने झालेला नसतो, त्यामुळे वरून आयोडीन घेऊन बरा होत नाही. उलट जादा आयोडीनने बिघडू शकतो. आयोडीनयुक्त मीठ घरात आहे तेवढं पुरे.

कोबी शिजवून खा, बाजरीची भाकरी खा. गोळी नीट चालू असेल तर रोजच्या प्रमाणातल्या या अन्नाने काही अडत नाही. बाईला आधीच थकवा आहे, तिच्या ताटातली भाकरी कशाला काढून घ्यायची? धन्याचं पाणी प्यायचंच असेल तर गोळीनंतर तासाभराने.

वाईकरीण | १७ जून, दुपारी १२:५०

मी २८ वर्षांची, ५०वर आहे, टीएसएच ३.९. यंदा बाळाचा विचार चाललाय. सासरी गोळीचं सांगितलेलं आहे, पण “दिवस राहिले की औषधं बंद” असं घरातलं म्हणणं. काय करू?

डॉ_कोयनाकाठ | १७ जून, रात्री ९:१५

बंद तर अजिबात नाही. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची ग्रंथी काम करत नसते, ते आईच्याच थायरॉक्सिनवर असतं आणि त्याच काळात त्याच्या मेंदूची घडण चालू असते. दिवस राहण्याआधीच टीएसएच २.५च्या खाली आणून ठेवलेला बरा, म्हणून आत्ताच डॉक्टरांना भेटा. पाळी चुकून चाचणी पॉझिटिव्ह आली की त्याच दिवशी त्यांना फोन करा. बहुतेकींचा डोस पाव हिश्श्याने किंवा थोडा जास्त वाढवावा लागतो आणि निम्मे महिने होईपर्यंत दर चार आठवड्यांनी तपासणी होते. सासूबाईंना सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की घरात वाद राहत नाही.

फळाखडू | ९ ऑगस्ट, रात्री १०:०५

सगळ्यांची माफी मागून लिहिते. तुमचं ऐकून गोळी पहाटे पाचला पाण्याबरोबर घ्यायला लागले. मग सडा, अंघोळ, मुलीचा डबा, आणि पावणेसहाला चहा. कॅल्शियम दुपारी. पण डॉक्टरांना याच आठवड्यात भेटा असं सांगितलं होतं, ते राहिलं. शाळा नुकतीच सुरू झालेली, पुस्तकवाटप, पटनोंदणी. एकदा गेले तर नंबर लांब होता, बाहेरच्या मुलीने “दोन महिन्यांनीच या” म्हणून परत पाठवलं. मी १२५च घेत राहिले.

पहिले तीन आठवडे स्वर्ग. दीड वर्षात पहिल्यांदा दुपारी न झोपता वह्या तपासल्या. नवरा म्हणाला, आवाज परत आला तुझा. मग जुलैच्या मध्यापासून छातीत धडधड सुरू झाली. रात्री दोनला टक्क डोळे उघडे. फळ्यावर “ऋषी” लिहिताना हात इतका थरथरला की पुसून पुन्हा लिहिलं. मुलांवर उगाच ओरडले, त्याचं अजून वाईट वाटतं. मी समजत होते मला हृदयाचं काहीतरी झालंय. काल रिपोर्ट आला, टीएसएच ०.०८.

मिरजकर | १० ऑगस्ट, सकाळी ७:५०

ताई, माफी कसली? फक्त एक सांगा, केसांसाठी बायोटिनची गोळी चालू केली होती का? तिच्यामुळे टीएसएच खोटाच कमी दिसू शकतो. तपासणीआधी निदान दोन दिवस ती बंद ठेवावी लागते. आणि रक्त देताना त्या दिवशीची गोळी आधी घेतली होती का?

फळाखडू | १० ऑगस्ट, दुपारी २:१५

बायोटिन नाही घेत. गोळी रक्त दिल्यावर घेतली. म्हणजे आकडा खराच आहे. आजच मी नंबर लागेपर्यंत बसून राहिले आणि डॉक्टरांना चहापासून सगळं सांगितलं. ते ऐकून थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले की हे मीच पहिल्यांदा विचारायला हवं होतं. ईसीजी काढला, ठीक आहे. १०० केली आहे.

डॉ_कोयनाकाठ | १० ऑगस्ट, रात्री ११:२०

योग्य झालं. डोस जास्त होणं हे कमी पडण्याइतकंच गंभीर आहे. धडधड कळते म्हणून माणूस धावतो, पण जास्त डोस वर्षानुवर्षं चालू राहिला तर हाडं झिजतात, पाळी गेलेल्या बायकांची तर जास्तच, आणि उतारवयात हृदयाची लय बिघडू शकते. वजन उतरावं म्हणून मुद्दाम जास्त गोळी घेणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. फार काळजी वाटते त्यांची.

धडधड दोन-तीन आठवड्यांत ओसरेल. लगेच थांबली नाही तर घाबरू नका, साठा हळूहळू उतरतो. पण चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर वाट बघू नका.

फळाखडू | १४ ऑक्टोबर, रात्री ९:००

१००वर टीएसएच ०.३. आता ८८ दिली आहे. धडधड गेली, झोप लागते. थकवा मात्र थोडा परत आलाय. मैत्रीण म्हणते, आकड्यांकडे बघू नकोस, तुला १२५वर छान वाटत होतं ना, तेवढीच घे. खरं सांगते, मोह होतो. त्या तीन आठवड्यांची आठवण येते.

कृष्णाकाठ | १४ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नको ग. ते तीन आठवडे म्हणजे वर चढताना मध्ये लागलेली योग्य पायरी होती. तू ती ओलांडून पुढे गेलीस. त्या पायरीवर परत यायचं आहे, आणि त्याला वेळ लागतो. मला सव्वा वर्ष लागलं होतं.

पाळीत अजून तेवढंच जातं का? माझा निम्मा थकवा रक्त कमी असल्याचा निघाला होता, आणि मी सगळा दोष थायरॉइडला देत बसले होते.

डॉ_कोयनाकाठ | १५ ऑक्टोबर, सकाळी ६:३०

कृष्णाकाठ ताईंचा प्रश्न फार मोलाचा. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि बी१२ करून घ्या.

फळाखडू | १६ डिसेंबर, रात्री ८:२०

टीएसएच २.१! ८८वर. गेल्या दोन वर्षांत पहिल्यांदा रिपोर्टच्या कागदावर ठळक अक्षरात काही नाही.

आणि हिमोग्लोबिन ९.४ होतं, फेरिटिन ७. बी१२ ठीक. ऑक्टोबरअखेरपासून लोहाची गोळी चालू आहे, रात्री जेवणानंतर, म्हणजे पहाटेच्या गोळीपासून लांब. कॅल्शियम हाडांच्या डॉक्टरांना विचारून बंद केलं. हिमोग्लोबिन ११.२वर आलंय. परवा स्नेहसंमेलनाची तालीम सलग तीन तास उभं राहून घेतली आणि घरी येऊन भाकरी केल्या. केस अजून गळतात, पण फणीतला पुंजका लहान झालाय.

सासूबाईंनाही थकवा होता, त्यांचं रक्त तपासून घेतलं. त्यांचा टीएसएच ७ आलाय. वय ६९. पुढच्या महिन्यात पुन्हा करून मग ठरवू म्हणालेत डॉक्टर. त्या आता पहाटे माझ्याबरोबर उठतात आणि मी पावणेसहापर्यंत चहा ठेवत नाही ना, यावर लक्ष ठेवतात.

मिरजकर, एक अडचण आहे. ८८ची बाटली आमच्या इथल्या दुकानात कधी असते, कधी नसते. या वेळी दोन दिवस गोळीविना गेले.

मिरजकर | १७ डिसेंबर, सकाळी ८:१०

ताई, अभिनंदन. फार बरं वाटलं वाचून.

८८, ११२ या आकड्यांना गिऱ्हाईक कमी, म्हणून लहान दुकानदार भरत नाहीत. बाटलीत दहा गोळ्या उरल्या की दुकानात सांगा, दोन दिवसांत मागवून देतात. कुठंच मिळाली नाही तर डॉक्टरांना विचारून एक दिवस १०० आणि एक दिवस ७५ घेता येते, सरासरी साडेसत्त्याऐंशी पडते. पण त्यांना विचारून, आणि कॅलेंडरवर खूण करून.

फळाखडू | १७ डिसेंबर, दुपारी २:४०

आत्ताच बाटली पालथी करून मोजल्या. चौदा आहेत. संध्याकाळी सांगून येते.